उरलेला ओंडका

नदीच्या काठाला लगटून, अंगावर शेवाळ घेऊन आडवा पडलेला जो तुम्हाला दिसतो, तो मी, एक जुना ओंडका. मित्रांनो, खुशाल टेका माझ्यावर. ओझ्याची मला सवय आहे. फक्त एक करा, माझ्या मुळांत लपलेले मासे बघून "किती उपयोगी लाकूड!" असं म्हणू नका. ते ऐकलं की मला अगदी कानकोंडं होतं. माझ्या उपयोगाची गोष्ट तुम्ही पूर्ण ऐकलेली नाही, म्हणून तुम्ही असं म्हणता. आज ती सांगूनच टाकतो.

माझा जन्म डोंगराच्या उतारावर झाला. तिथे वारा फार. त्याच्याकडे पाठ करून वाढता वाढता मी कमरेत वाकलो, तो कायमचा. एका वादळात आमच्या रांगेतली बरीच झाडं पडली. मी मुळासकट उन्मळलो. आम्हा सगळ्यांना ट्रकमध्ये घालून लाकडाच्या वखारीत आणलं. माझे सरळसोट भाऊ बघता बघता खपले. कोणी दार झाला, कोणी तुळई झाला, एक तर म्हणे डॉक्टरांचं टेबल झाला. मला मात्र गिऱ्हाईक मिळेना. वखारवाला माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचा. "वाकडं ते वाकडं, वर मुळांचा हा पसारा! हे धूड घेणार कोण?" मग त्याने मला भिंतीकडे लोटलं. तिथे मी कितीतरी काळ पडून होतो. वखारीतली मांजर माझ्या मुळांत पिल्लं घाली, एवढाच काय तो माझा उपयोग.

नको असलेल्याला कोणीतरी हवं म्हणावं, याची भूक फार वाईट असते. माझ्या पुढच्या सगळ्या वागण्याचं मूळ तिथे आहे, म्हणून हे आधी सांगतो.

एके दिवशी वखारीत एक इंजिनिअर आले. ढासळणारे नदीकाठ वाचवणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना नदीवाले साहेब म्हणत. पँटला गुडघ्यापर्यंत चिखल, बोलणं मऊ. कामात हुशार माणूस, पण कोणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांच्या जिवावर येई. त्यांनी माझ्या मुळांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मला असेच हवेत. वाकडे चालतील, पण मुळांसकट."

वखारवाल्याला वाटलं, साहेब थट्टा करताहेत. मला मात्र रडू यायचं बाकी राहिलं होतं.

मला आणि माझ्यासारख्या इतरांना या नदीवर आणलं. इथे दोन बहिणी राहत. वडिलांची जमीन नदीच्या दोन्ही अंगाला होती. थोरलीच्या वाट्याला अलीकडचा काठ आला. तिथे तिने रोपवाटिका केली होती. धाकटीच्या वाट्याला पलीकडचं घर आलं. त्या घराला नदीच्या बाजूला एक खोली होती. खिडकी मोठी, उजेड भरपूर. तिथे बसून धाकटी शिवणकाम करी. पडदे, गाद्यांच्या खोळी, शाळेचे गणवेश, येईल ते. मध्ये एक साकव होता. दोघींची दिवसातून एक तरी फेरी होई, आणि साकवावरून जायचा कंटाळा आला की दोघी काठावरूनच मोठ्याने बोलत. वाटणी झाली होती, पण मनं वाटली गेली नव्हती.

दुःख थोरलीचं होतं. नदीला तिथे वळण असल्यामुळे पाणी तिच्या काठावर येऊन आदळे आणि दर पावसाळ्यात तिची जमीन खाई. रोपांचे वाफेच्या वाफे गेले होते. "असंच चाललं तर रोपं काय होडीत लावू?" असं ती विचारी. हसून विचारी, पण तिची झोप उडाली होती.

साहेबांनी तिला काठावर बसवून समजावलं. "काकू, पाण्याशी भांडायचं नसतं. भिंत बांधली की ते भिंत पाडायच्या मागे लागतं. आपण त्याला दमवायचं. ओंडक्यांचे बुंधे काठात खोल पुरायचे, मुळांकडचं टोक पाण्यात ठेवायचं. वर मोठे दगड आणि माती घालायची. मुळांत शिरलं की पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की त्यातली वाळू खाली बसते. मधे वाळुंजाच्या, त्या पाण्याकाठी वाढणाऱ्या झाडाच्या, फांद्या खोचू. त्यांनी मूळ धरलं की मग काठ स्वतःच स्वतःला सांभाळतो."

पाणी कमी असताना काम सुरू झालं. साहेबांनी नदीत लाल खुंट्या ठोकल्या. ओंडक्यांची टोकं त्या खुंट्यांच्या पुढे जायची नाहीत, अशी सक्त ताकीद होती. पोकलेनवाला एकेकाला उचलून खड्ड्यात अलगद बसवी. उभे खांब ठोकले गेले, दगड रचले गेले. एकेक करून सगळे बसले आणि मी उरलो.

हो, मीच उरलो. वखारीत उरलो होतो तसाच इथेही.

आता थोरलीचा स्वभाव सांगायला हवा. तिच्याकडे उरलेलं काहीच वाया जात नसे. फुटक्या कुंड्यांचे तुकडे नव्या कुंड्यांच्या तळाला, सुतळीची टोकं वेलींना, जुन्या साड्या रोपांवर सावलीला. तिने चहाचे कप आणले, सगळ्यांना दिले आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"साहेब, हा राहिला की!"

"तो जास्तीचा आहे, काकू. एखादा मोडला तर हाताशी असावा म्हणून आणलेला."

"मग लावून टाका ना. उरलेलं वाया कशाला घालवायचं?"

"जागाच नाही. खुंट्यांच्या पुढे जाईल तो. मग पाणी दमायचं सोडून पलीकडे फेकलं जाईल."

"एवढ्या मोठ्या नदीत एका ओंडक्याने असं काय होतंय? माझ्या जिवाला तेवढाच आधार."

पोकलेनवाल्यालाही घरी जायची घाई होती. तो म्हणाला, "परत न्यायचा तर पुन्हा ट्रक बोलवा, पुन्हा चढवा. साहेब, उरलाय तर देऊ लावून."

साहेबांनी खुंट्यांकडे पाहिलं. हातातल्या चहाकडे पाहिलं. थोरली आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "बरं," ते म्हणाले, "टाका."

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. त्या दिवशी भीड साहेबांना पडली आणि भीक मात्र भलत्याच दारात जाऊन उभी राहिली. आणि मी काय करत होतो? मी खूश होतो! सगळ्यांच्या पुढे, नदीत पार आत, नाक वर करून मी बसलो होतो. पलीकडे एक खिडकी होती, तिच्यात एक बाई मशीन चालवत होती. मी तिकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

पावसाळा आला. पाणी चढलं, गढूळ झालं, माझ्या मुळांवर धडका देऊ लागलं. मी हललो नाही. पाणी उतरलं तेव्हा थोरलीचा काठ जसाच्या तसा होता. उलट आमच्यामागे मऊ वाळूचा थर साचला होता आणि त्यातून वाळुंजाचे कोंब वर आले होते. थोरलीने माझ्यावर हात ठेवून डोळे पुसले. मग लोक बघायला येऊ लागले. शाळेच्या सहली आल्या. साहेबांनी फोटो काढले, ते कुठल्याशा मोठ्या सभेत दाखवले गेले. फोटोत सगळ्यांत पुढे मीच. खंड्या पक्षी माझ्या टोकावर बसून मासे धरी. थोरली दुपारी काम आटोपलं की माझ्यावर येऊन बसे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस होते. आज त्यांची आठवण झाली तरी मान खाली जाते.

कारण पाणी संपलं नव्हतं. माझ्या नाकावरून घसरून ते शाळा सुटल्यावर फाटकाकडे धावणाऱ्या पोरांसारखं थेट पलीकडे सुटत होतं.

पहिल्यांदा पलीकडचं गवत गेलं. मग एके सकाळी धाकटीचा ओरडा ऐकू आला. "ताई, ए ताई! माझ्या कपड्यांच्या दोरीचा खांब नदीने नेला बघ. आता धुणं काय तीच वाळत घालणार?"

थोरली माझ्यावर उभी राहून खळखळून हसली. हसता हसता तिने खाली पाहिलं. माझ्या टोकापासून निघालेली पाण्याची फेसाळ रेघ सरळ त्या खांबाच्या जागेपर्यंत गेलेली होती. तिचं हसू तिथेच थांबलं. ती खाली उतरली. त्या दिवशी ती पुन्हा बसायला आली नाही. मलाही कळायचं ते कळलं.

थोड्याच दिवसांनी साहेब पाहणीला आले. त्यांना सांगावं लागलं नाही. पलीकडचा काठ बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, हा पुढचा काढावा लागेल."

"काढलात आणि माझा काठ पुन्हा ढासळला तर?"

"नाही ढासळणार, असं मला वाटतं."

"वाटतं की खात्री आहे?"

"नदीची खात्री कोण देणार?"

"मग यंदा राहू द्या," थोरली खालच्या आवाजात म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू. तिच्याकडे अजून भरपूर काठ आहे."

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्याही पोटात दुसरं काही होतं. ज्या कामाचे फोटो सगळीकडे दाखवले, तेच उकरून काढायचं म्हणजे चूक झाली असं चारचौघांत कबूल करणं आलं. त्यांनी पलीकडे थोडे दगड टाकून द्यायचं ठरवलं. धाकटीने भाबडेपणाने त्यांना चहा दिला, वर आभार मानले. ते दगड पुढच्या पावसाने खडेगोटे उचलावेत तसे उचलून नेले. थोरली आणि साहेब यांची अळीमिळी गुपचिळी चालू राहिली. तिसरा मी, मला तर तोंडच नव्हतं.

थोरली वाईट बाई नव्हती, हे तुम्हाला पटवून द्यायला मला शब्द सापडत नाहीत. तिचं मन तिला खात होतं. ती धाकटीकडे उगाचच रोपं पाठवी, फळं पाठवी, भाच्यांना खाऊ पाठवी. धाकटी म्हणे, "अगं, किती करतेस!" आणि थोरली जेवता जेवता उठून जाई. पण ओंडका काढा, एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं. वाफे जाण्याची भीती तिने फार वर्षं सोसली होती.

मग एका दुपारी धाकटी साकवावरून आली ती काखेत काहीतरी घेऊन. तिने जाडजूड कापडाची एक उशी शिवली होती. माझ्या वाकड्या पाठीचा अंदाज घेऊन तिने ती एका अंगाला निमुळती केली होती आणि खाली बांधायला बंद लावले होते.

"रोज त्या टणक लाकडावर बसतेस. कंबर धरली तर रोपांना पाणी कोण घालणार?" असं म्हणत तिने स्वतःच्या हाताने उशी माझ्या पाठीवर बांधली. "बस बरं. बघू दे नीट झालीय का."

थोरली बसली. "छान झालीय," म्हणाली. धाकटी गेल्यावर ती उठली, उशी सोडली आणि शेजारी मातीत बसली. नंतरही ती रोज येई. उशी मांडीवर घेई आणि मातीत बसे. मित्रांनो, मी डोंगरावरचं वादळ सोसलं आहे. पण त्या कापडाचं ओझं मला सोसवत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात धाकटीचा काठ तिच्या शिवणाच्या खोलीच्या भिंतीला येऊन भिडला. एका सकाळी पावसाची उघडीप होती, तेव्हा ती साकवावरून लगबगीने आली. थोरली माझ्याजवळच उभी होती.

"ताई, भिंतीला तडा गेलाय. हात आत जाईल एवढा. माझं मशीन तुझ्याकडे आणून ठेवू का? तुझा काठ कसा घट्ट आहे. नशीबवान गं तू."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, याही वेळी ती काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. पण तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"नशीब नाही गं ते," ती म्हणाली. "हा ओंडका आहे. हा पाणी तुझ्याकडे ढकलतो. साहेब नको म्हणत होते, मीच हट्टाने लावायला लावला."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. "तुला तेव्हा कुठे माहीत होतं असं होईल म्हणून?" ती अजून बहिणीचीच बाजू घेत होती.

"तेव्हा नव्हतं. तुझा दोरीचा खांब गेला, त्या दिवशी कळलं."

धाकटीची नजर माझ्या पाठीवर, तिने उशी बांधली होती त्या जागेवर गेली. मग म्हणाली, "म्हणजे मी उशी घेऊन आले, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू छान झालीय म्हणालीस."

"म्हणाले."

मला वाटलं होतं, धाकटी ओरडेल, रडेल. तसं काही झालं नाही. "साहेबांना बोलावून घे," एवढंच ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मशीन मी माझं माझ्याकडेच ठेवते."

साहेब आले. पोकलेनही आलं. पण वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि नदी चढत होती. पोकलेनवाला काठापर्यंत आला आणि त्याने मान हलवली. पाण्यात उतरलं तर मशीनही जाईल आणि माणूसही. साहेब साकव ओलांडून धाकटीसमोर उभे राहिले. "चूक माझी आहे. काकूंनी आग्रह केला, पण नाही म्हणणं हे माझं काम होतं."

"चूक दोघं वाटून घ्या," धाकटी म्हणाली. "तेवढ्याने माझी खोली थांबणार आहे का?"

खोली थांबली नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्याआधी सगळ्यांनी मिळून शिवणाचं मशीन बाहेर काढलं. थोरली कापडाचे तागे उचलून उचलून ओसरीवर नेत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. आधी मागची भिंत बसली. मग फरशी तुटली. शेवटी ती मोठी खिडकी चौकटीसकट पाण्यात झुकली आणि वाहत निघाली. आता ती माझ्याजवळून जाईल या भीतीने मी आकसलो, पण प्रवाह पलीकडचा होता. तो मीच तिकडे पाठवला होता.

मी मोडायचा प्रयत्न केला. खरंच केला. एक मूळ तरी तुटावं, एक दगड तरी सरकावा, म्हणून मी पाण्याची विनवणी केली. पण साहेबांचं काम फार पक्कं होतं. चूकसुद्धा त्यांनी चोख बसवली होती.

पाणी उतरल्यावर मला उपटलं. पोकलेनवाल्याला अर्धा दिवस लागला, जो त्याला त्या वेळी वाचवायचा होता. त्यानंतर पावसाळे आले आणि गेले. थोरलीच्या काठाची मूठभर मातीसुद्धा हलली नाही. खुंट्यांच्या आतले माझे भाऊबंद आणि वाळुंजाची मुळं त्याला पुरेशी होती. म्हणजे माझी गरजच नव्हती. थोरलीला आधार दिला, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली असती, तर ती सोयही उरली नाही.

मला बाहेर काढून ठेवलं तेव्हा पोकलेनवाल्याने विचारलं, "याचं काय करायचं? जाळायचा?"

"जाळून काय, फार तर चहा होईल," धाकटी म्हणाली. "माझ्या काठाला लावा."

या वेळी साहेबांनी मला नदीत आडवा घातला नाही. काठाच्या पायाशी, काठाला समांतर निजवला. निजवण्याआधी ते खालच्या वळणावर राहणाऱ्या निवृत्त मास्तरांकडे गेले, त्यांना हाताला धरून इथे घेऊन आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे पाणी कसं येईल ते आधी बघा. नको वाटलं तर स्पष्ट नको म्हणा." मास्तरांनी भरपूर शंका काढल्या. साहेबांनी प्रत्येकीचं उत्तर दिलं, मगच खड्डा खणला.

थोरलीने ओंडक्यांमागे साचलेली माती धाकटीला देऊ केली. "पाट्या भरून आणते, तुझा काठ भरून काढू." साहेब हळूच म्हणाले, "काकू, ती माती वरून आलेली आहे. यांची माती पुढे वाहून गेली." परत करायचं म्हटलं, तरी ते थोरलीजवळ नव्हतंच.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. लाकूड ते लाकूड. पण तुमच्यातलं कोणी उद्या नदीवर काम करील, कोणी नुसतं आपल्या दारातलं पाणी वळवील, त्याला माझी हात जोडून विनंती आहे. आपला काठ जरूर वाचवा. पण आधी साकव ओलांडून पलीकडे जा आणि तिथे कोण राहतं ते बघून या. आणि उपयोगी पडायची फार घाई झाली, तर कोणाच्या उपयोगी आणि कोणाच्या जिवावर, एवढं विचारून घ्या. मी विचारलं नाही.

धाकटीने नवी खोली रस्त्याच्या अंगाला बांधली आहे. तिथे उजेड पुरत नाही. म्हणून बारीक काम असलं की दुपारी ती शिवण घेऊन काठावर येते आणि माझ्या शेजारी बसते. थोरली साकवावरून येते आणि थोडं अंतर सोडून बसते. बोलणं बेताचंच असतं. परवा तिने पुन्हा विचारलं, "मला माफ केलंस का गं?"

धाकटीने मान वर केली नाही. "सारखं विचारू नकोस. होईल तेव्हा सांगेन," ती म्हणाली आणि सुई-दोरा पुढे केला. "ही ओवून दे."

थोरलीची नजर आता अधू झाली आहे. ती दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करते, सुई उजेडाकडे धरते, नेढं चुकते, पुन्हा ओलं करते. धाकटी तिला मदत करत नाही. पण सुईही परत मागत नाही. हात थांबवून बसून राहते.